हृदयाच्या शस्त्रक्रियेतील उताराची नळी

गतवर्षी आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्यास हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात ठेवावे लागले. त्याच्या हृदयातील दोन अलिंदांमधल्या पडद्यास जन्मतःच एक छिद्र होते. शस्त्रक्रियेच्या आदल्या सायंकाळी आम्ही त्यास भेटावयास गेलो. निघताना त्याचे वडील आमच्याबरोबर दाराबाहेर आले व हलक्या आवाजात म्हणाले, "सर, डॉक्टर म्हणतात की मुलाचे हृदय थांबवून मग छिद्र बुजवणार. तेवढा वेळ त्याचे रक्त जाणार कोठे? यंत्र ते ओढून घेते, असे ऐकतो. ओढता ओढता जास्त ओढले गेले तर?"

आम्ही पुष्कळ वर्षे शास्त्र हा विषय शिकवीत आहोत. तरी त्या वेळी "डॉक्टरांवर भरवसा ठेवा" एवढेच आम्हांस सांगता आले. भरवसा ठेवावा हे खरेच. परंतु ज्याने प्रश्न विचारला त्यास उत्तर मिळाले नाही, हेही तितकेच खरे. ती रुखरुख मनात राहिली. पुढे आम्ही ह्या विषयातील जाणत्यांस विचारले, ग्रंथ चाळले, आणि आश्चर्य असे की त्या पित्याच्या प्रश्नाचे उत्तर आपण प्रयोगशाळेत दरवर्षी करतो त्या एका साध्या प्रयोगातच सापडले. ते उत्तर आज विद्यार्थ्यांसाठी व त्यांच्या पालकांसाठी येथे लिहीत आहोत.

प्रथम शरीरातील रक्ताचा मार्ग आठवून घेऊ. इंग्लंडातील विल्यम हार्वे ह्या वैद्याने १६२८ साली ग्रंथ लिहून दाखवून दिले की रक्त शरीरात एकाच वर्तुळात सतत फिरत असते. सर्व अवयवांस प्राणवायू देऊन काळसर झालेले रक्त दोन मोठ्या नीलांवाटे हृदयाकडे परत येते. डोके, मान व हात यांकडील रक्त ऊर्ध्व महानीलेतून येते. पोट व पाय यांकडील रक्त अधोमहानीलेतून येते. दोन्ही नीला हृदयाच्या उजव्या अलिंदात उघडतात. तेथून रक्त उजव्या निलयात, निलयातून फुप्फुसांत, फुप्फुसांत प्राणवायू घेऊन डाव्या अलिंदात, मग डाव्या निलयात आणि शेवटी महारोहिणीतून पुन्हा सर्व शरीरात जाते.

आता अलिंदाच्या पडद्यातील छिद्र शिवावयाचे, तर शस्त्रवैद्यास हृदय उघडावे लागणार. उघडलेल्या हृदयातून रक्त वाहत असेल, तर छिद्र दिसणारच नाही. बरे, रक्त बंद करावे, तर मेंदूस रक्तावाचून मोजकीच मिनिटे निभावता येते. त्यापुढे त्यास कायमची इजा होते. ह्या पेचामुळे शतकानुशतके हृदयाचा अंतर्भाग शस्त्रवैद्यांस अगम्य राहिला होता.

हा पेच सोडविण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले त्यांत अमेरिकेतील डॉक्टर जॉन गिबन यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. १९३०-३१ च्या सुमारास बॉस्टन येथील इस्पितळात एका स्त्रीच्या फुप्फुसाकडील रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी अडकली होती. तरुण गिबन रात्रभर तिच्या उशाशी बसून होते. तिचे रक्त काळे पडत चालले होते, नीला फुगत होत्या, आणि त्यांस काहीही करता येत नव्हते. ती वाचली नाही. त्या रात्री त्यांच्या मनात विचार आला की, ह्या फुगलेल्या नीलांतील काळे रक्त बाहेर काढून घेता आले, त्यात प्राणवायू मिसळता आला आणि ते रोहिणीतून परत देता आले, तर ही स्त्री वाचली असती. ह्या एका विचारामागे त्यांनी व त्यांच्या पत्नी मेरी यांनी वीस वर्षांहून अधिक काळ श्रम केले. अखेर ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फिया शहरात त्यांनी १८ वर्षांच्या एका मुलीच्या हृदयातील छिद्र यंत्राच्या साहाय्याने बुजविले. सुमारे २६ मिनिटे तिच्या हृदयाचे व फुप्फुसांचे सर्व काम यंत्राने केले. ती मुलगी बरी होऊन घरी गेली. तिचा विकार आमच्या विद्यार्थ्याच्या विकारासारखाच, म्हणजे अलिंदांमधील पडद्याचे छिद्र, हाच होता.

ह्या यंत्रास हृदय-फुप्फुस यंत्र म्हणतात. त्याची रचना थोडक्यात अशी. प्रथम रक्त गोठू नये म्हणून रोग्यास हेपॅरिन नावाचे औषध देतात. मग महानीलांत किंवा उजव्या अलिंदात नळ्या बसवितात. ह्या नळीस कॅन्युला हे नाव आहे. त्यांवाटे काळसर रक्त बाहेर येऊन एका टाकीत जमते. टाकीतून पंप ते उचलतो व बारीक पोकळ तंतूंच्या एका पेटीतून पुढे लोटतो. तेथे रक्तात प्राणवायू मिसळतो व कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तेथेच रक्त हवे तसे थंड किंवा उबदारही करता येते. नंतर ते गाळणीतून जाऊन दुसऱ्या कॅन्युलावाटे महारोहिणीत परत जाते. अशा रीतीने रक्ताचे वर्तुळ तुटत नाही. फक्त त्याचा एक भाग शरीराबाहेरून जातो.

पाहणाऱ्याची दृष्टी अर्थातच पंपावर खिळते. तो फिरतो, त्यावर आकडे उमटतात, सर्व पराक्रम त्याचाच असे वाटते. नीलेत बसविलेल्या साध्या नळीकडे कोणी पाहत नाही. परंतु आपल्याकडे म्हण आहे की, आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? टाकीत मिनिटास तीन लिटर रक्त येत असेल, तर पंपास मिनिटास तीनच लिटर परत देता येईल. चार देऊ म्हटले तर टाकी रिकामी होईल. यंत्र कितीही मोठे असो, ते किती देऊ शकेल हे किती उतरते यावर ठरते. म्हणून ह्या उताराच्या नळीचा विचार शस्त्रवैद्य इतक्या बारकाईने करतात.

आता त्या पित्याच्या पहिल्या समजुतीकडे वळू. यंत्र रक्त ओढून घेते काय? बहुतेक वेळी नाही. रक्त आपल्याच भाराने खाली उतरते. आठवीच्या मुलांनी हा प्रयोग केलेला आहे. पाण्याने भरलेली बादली टेबलावर ठेवावी, रिकामी बादली जमिनीवर ठेवावी. रबरी नळी पाण्याने पूर्ण भरून तिची दोन्ही तोंडे दाबून धरावी व एक तोंड वरच्या बादलीत, दुसरे खालच्या बादलीत सोडावे. पाणी आपोआप वाहू लागते. हीच वक्रनलिका, हिलाच सायफन म्हणतात. खालची बादली जितकी खाली, तितका प्रवाह जोराचा. ती टेबलाच्या उंचीवर आणली की प्रवाह मंदावतो आणि दोन्ही पातळ्या सारख्या झाल्या की थांबतो. नळीत हवा शिरली, तर धार तुटते. नळाच्या पाइपात हवा धरली म्हणजे पाणी येईनासे होते, त्यातलाच हा प्रकार.

शस्त्रक्रियागृहातील मांडणी ह्याहून वेगळी नाही. रोगी उंच टेबलावर असतो. यंत्राची टाकी त्याच्या हृदयाच्या पातळीपासून साधारणतः ४० ते ७० सेंटिमीटर खाली ठेवतात. दोहोंमधील नळी आधीच द्रवाने भरून, हवा काढून टाकलेली असते. ५० सेंटिमीटर खोलीचा उतार असेल, तर रक्ताच्या त्या स्तंभाचा भार पाऱ्याच्या सुमारे ३८ मिलिमीटर उंचीइतका होतो. ही काही फार मोठी ओढ नव्हे. पण ती सौम्य व स्थिर असते आणि तिला विजेची गरज लागत नाही. रक्त कमी येऊ लागले, तर कधी केवळ टेबल थोडे उंच करूनही काम भागते.

तथापि उतार असून भागत नाही. वाट रुंद पाहिजे. येथे प्वाझय ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शोधलेला नियम उपयोगी पडतो. बारीक नळीतून संथ वाहणाऱ्या द्रवाचे प्रमाण नळीच्या त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात बदलते. चतुर्थ घात म्हणजे ती संख्या चार वेळा मांडून केलेला गुणाकार. नळीचा व्यास निम्मा केला, तर प्रवाह निम्मा होत नाही, चौथाईही होत नाही. तो एक षोडशांश होतो. एक उदाहरण पाटीवर करून पाहा. आतील व्यास ६ मिलिमीटर असलेल्या नळीऐवजी ५ मिलिमीटरची घेतली. पाचाचा चतुर्थ घात ६२५, सहाचा १२९६. म्हणजे एका मिलिमीटरच्या फरकाने प्रवाह निम्म्याहूनही कमी झाला! शिवाय नळी दुप्पट लांब असेल, तर प्रवाह निम्मा होतो; आणि द्रव जितका दाट, तितका प्रवाह मंद. रक्त पाण्याहून तीन-चार पट दाट असते. यंत्रात आधी भरलेल्या द्रवामुळे ते थोडे पातळ होते.

हा नियम संथ प्रवाहाचा आहे. कॅन्युलाच्या तोंडाशी व भोकांशी रक्त वेगाने वळते, भोवरे होतात, आणि तेथे नियम तंतोतंत लागू पडत नाही. म्हणून बनविणारे कारखाने प्रत्येक नळीतून पाणी सोडून, किती दाबास किती प्रवाह मिळतो याचा आलेख तयार करतात. तो पाहून नळी निवडावी लागते. पण रुंदी सर्वांत महत्त्वाची, हा बोध कायम राहतो.

मग भली मोठी नळी का घालू नये? कारण ती जेथे घालावयाची ती नीला तेवढी मोठी नसते, आणि मुलांच्या बाबतीत तर मुळीच नसते. शिवाय नळीने नीला बुचासारखी बंद केली, तर नळीच्या बाजूने रक्तास वाट उरत नाही. येथेच रचनेचे कौशल्य दिसते. ह्या नळ्यांचे माप फ्रेंच नावाच्या एककात सांगतात. पॅरिस येथील शस्त्रे बनविणारे कारागीर शारिएर यांच्यापासून ते चालत आले. एक फ्रेंच म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटर, आणि हे माप बाहेरच्या व्यासाचे असते. आता २४ फ्रेंचची, म्हणजे बाहेरून ८ मिलिमीटरची, नळी घ्या. तिची भिंत १ मिलिमीटर जाड असेल, तर आत ६ मिलिमीटर वाट उरते. भिंत अर्ध्या मिलिमीटरची केली, तर ७ मिलिमीटर उरते. सहाचा चतुर्थ घात १२९६ व सातांचा २४०१. नीलेतील जागा तेवढीच अडवूनही प्रवाह जवळजवळ पावणेदोन पटीहून अधिक! म्हणून भिंत शक्य तितकी पातळ करावयाची. परंतु पातळ भिंतीची नळी वाकली की दुमडते; ह्यास्तव तिच्या भिंतीत तारेचे वेटोळे बसवितात. काही नळ्यांचे टोक धातूचे व काटकोनात वळलेले असते, कारण धातू अत्यंत पातळ करूनही दबत नाही.

टोकाशी एकच तोंड ठेवीत नाहीत. बाजूंनाही भोके पाडतात. एखादे भोक नीलेच्या भिंतीस चिकटून बंद झाले, तरी इतर भोके काम चालू ठेवतात. कोणती नळी घ्यावी हे शस्त्रक्रियेवर अवलंबून असते. हृदयाच्या बाहेरील रक्तवाहिन्यांचे काम असेल आणि उजवे अलिंद उघडावयाचे नसेल, तर एकच नळी पुरते. तिचे टोक अधोमहानीलेत जाते व तेथील भोके पोटाकडील रक्त घेतात. थोडे वर, अलिंदात येणाऱ्या भागावर, दुसरी भोके असतात, ती डोक्याकडून आलेले व हृदयाच्या स्वतःच्या भिंतीतून आलेले रक्त घेतात. परंतु आमच्या विद्यार्थ्याप्रमाणे अलिंदच उघडावयाचे असेल, तर दोन्ही महानीलांत वेगवेगळ्या नळ्या बसवून, प्रत्येक नीलेभोवती फीत आवळावी लागते. म्हणजे त्यांतील रक्त नळीतूनच जाते व हवा आत शिरत नाही.

उतार नीट झाला नाही तर काय घडते, तेही पाहिले पाहिजे, कारण खरा धोका तेथेच आहे. पहिली गोष्ट, टाकीतील पातळी उतरते. ती तळाशी गेली व पंप तसाच चालू राहिला, तर पंपात हवा जाऊन ती रोग्याच्या मेंदूपर्यंत पोहोचू शकते. ह्यासाठी यंत्र चालविणारा तंत्रज्ञ टाकीवरील नजर ढळू देत नाही आणि पातळी घटताच इशारा देणारी घंटाही बसविलेली असते. दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. ऊर्ध्व महानीलेतील नळी दुमडली, तर डोक्याकडील रक्त परत येत नाही व मेंदूतील नीलांत तुंबते. समजा, रोहिणीतील दाब पाऱ्याच्या ६० मिलिमीटर आहे व नीलेतील ५. मेंदूतून रक्त ढकलावयास ५५ उरतात. तुंबून नीलेतील दाब २५ झाला, तर ३५ च उरतात. रोहिणीचा दाब दाखविणारा आकडा मात्र ६० च राहील! वरवर सर्व ठीक, आणि आत मेंदू उपाशी. म्हणून जाणते वैद्य मानेतील नीलेचा दाबही मोजत राहतात, चेहरा सुजतो काय ते पाहतात, आणि अन्ननलिकेतून घातलेल्या ध्वनिलहरींच्या यंत्राने नळीचे टोक कोठे आहे हेही पडताळतात. शिकवण अशी की, आत काय जाते एवढेच पाहू नये. बाहेर काय येते तेही पाहावे.

आता त्या पित्याचा दुसरा प्रश्न. ओढता ओढता जास्त ओढले गेले तर? हा प्रश्न फार मार्मिक होता. नीलेची भिंत रोहिणीसारखी कणखर नसते, ती पातळ व लवचीक असते. फुगवलेल्या फुग्यात नळी घालून आतील हवा जोराने तोंडाने ओढा. काही काळ हवा येते, मग फुग्याचे रबर नळीच्या तोंडास चिकटते आणि येणे बंद होते. नीलेचेही तसेच. ओढ जास्त झाली की तिची भिंत नळीभोवती मिटते, रक्त थांबते. थांबल्यामुळे नीला पुन्हा भरते, उघडते, पुन्हा मिटते. अशा वेळी टाकीकडे जाणारी नळी थरथरू लागते. अननुभवी मनुष्य म्हणेल, रक्त येत नाही, अधिक ओढा. अनुभवी तंत्रज्ञ नेमके उलट करतो. तो नळी किंचित चिमटून ओढ कमी करतो, आणि रक्त पुन्हा येऊ लागते. नीलांतच रक्त कमी असेल, तर द्रव वाढवितो. नळीचे टोक चुकीच्या जागी असेल, तर शस्त्रवैद्य ते हलवितो. हावेने मिळत नाही ते संयमाने मिळते, याचे इतके प्रत्यक्ष उदाहरण आम्हांस शास्त्रात क्वचितच आढळले.

कधी कधी मात्र थोडी ओढ जोडावीच लागते. लहान छेदातून शस्त्रक्रिया करताना मांडीच्या नीलेतून लांब व बारीक नळी हृदयापर्यंत नेतात. लांबी वाढली, रुंदी घटली. नुसता उतार पुरत नाही. तेव्हा टाकी बंद करून तिच्यात हवेचा दाब थोडा कमी करतात. ही ओढ बहुधा पाऱ्याच्या ४० मिलिमीटरांपलीकडे जाऊ देत नाहीत. मर्यादा सोडली, तर रक्तातील तांबड्या पेशी फुटतात व कोठूनही हवेचे सूक्ष्म बुडबुडे आत खेचले जातात.

शस्त्रक्रिया आटोपली की हृदय पुन्हा चालू होते, नळ्या निघतात, आणि हेपॅरिनचा परिणाम घालविण्यासाठी प्रोटामिन हे औषध देतात. तरीही उताराचे काम संपत नाही. छातीत झिरपणारे रक्त व द्रव बाहेर यावे म्हणून एक-दोन नळ्या ठेवून त्या खाटेखालील बाटलीस जोडतात. बाटलीतील नळीचे टोक पाण्याखाली सुमारे २ सेंटिमीटर बुडालेले असते. त्यामुळे आतील द्रव व हवा बाहेर येते, पण बाहेरची हवा छातीत शिरत नाही. ही नळी गुठळीने बंद झाली, तर द्रव हृदयाभोवती साचून त्यास दाबून टाकू शकतो. म्हणून पालकांस व भेटीस जाणाऱ्यांस आमची आग्रहाची सूचना आहे. ती बाटली कधीही उचलून रोग्याच्या छातीच्या वर धरू नये, नाही तर उतार उलटा होईल. नळीवर पाय किंवा खुर्ची पडू देऊ नये. नळी दुमडलेली दिसली अथवा येणारा द्रव एकाएकी थांबला किंवा वाढला, तर स्वतः हात न लावता तत्काळ परिचारिकेस कळवावे.

असो. आमचा विद्यार्थी बरा झाला. तीन महिन्यांनी तो वर्गात परत आला, तेव्हा वक्रनलिकेचाच धडा चालू होता. आम्ही त्यास पुढे बोलावून रिकामी बादली खाली ठेवावयास सांगितले. नळीतून पाणी उतरू लागले, आणि आम्ही सर्व वर्गास म्हणालो, "ह्याच्या रक्ताने हीच वाट धरली होती." वर्ग क्षणभर स्तब्ध झाला. आजवर गुणांसाठी पाठ केलेला तो धडा त्या दिवशी मुलांनी श्वास रोखून ऐकला.

त्याच सायंकाळी आम्ही त्याच्या वडिलांकडे गेलो व उशिरा का होईना, उत्तर दिले. रक्त कोठे जाते? ते खाली उतरते, स्वच्छ होते आणि परत येते. यंत्र ते ओढते काय? बहुधा नाही, ते खालच्या जागी राहून, जे येईल ते स्वीकारते. आणि जास्त ओढले तर? तर काहीच मिळत नाही, हे तेथील माणसांस ठाऊक असते. ते काही वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "सर, हे त्या रात्री कळते, तर थोडा डोळा लागला असता."

विद्यार्थ्यांनो, पुस्तकातील साध्या प्रयोगास क्षुल्लक समजू नका. आणि शिक्षकबंधूंनो, आपल्यास विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल, तर ते शोधून काढण्यास उशीर लावू नका; कोणाची तरी झोप त्यावर अवलंबून असते.